किसनभाऊच्या फोटोवरचं साल

दादा, तू गेल्याला आज सतरा दिवस झाले. तेराव्याला आपल्या अंगणात जे झालं ते आता सगळ्या गावाला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एकट्या तुला, म्हणून हे लिहितो. मेलेल्या माणसावर राग धरू नये असं लोक मला येऊन समजावतात. मी ऐकून घेतो. पण सुतक फिटलं तरी राग फिटलेला नाही, आणि तुझ्याशी मी कधी गोडगोड बोललो नाही, तेव्हा आता तरी कशाला बोलू?

रागाचं कारण पोस्टकार्डाएवढा एक फोटो आहे. आपला मधला भाऊ किसन खाकी कपड्यात उभा आहे. एक हात खुर्चीच्या पाठीवर, मागच्या पडद्यावर रंगवलेली खजुराची झाडं. तू तो देव्हाऱ्याखालच्या पेटीत ठेवायचास आणि कोणी मागितला तर स्वतः काढून दाखवायचास, दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाहीस.

मागच्या लढाईत किसनभाऊ खेचरांच्या पलटणीत गेला. १९१६ चा दसरा त्यानं घरी केला आणि निघाला. मुंबईच्या बंदरात तो आगबोटीत चढताना दिसला, असं एकानं येऊन सांगितलं. त्यानंतर पत्र नाही, निरोप नाही. तू फौजेच्या कचेरीला दोन अर्ज केलेस, त्यांचंही उत्तर आलं नाही. घरात मागे राहिली गोदावहिनी. वय सतरा. लग्नाला पुरतं दीड वर्षही झालं नव्हतं.

बारा वर्षं माणसाची काही खबर नसली की तो गेला असं आपल्याकडे धरतात. पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, सुतक पाळतात आणि मग त्याची बायको मोकळी होते. आपल्या जातीत पाट लागतो, त्यामुळे ती खरोखरच मोकळी होते, नुसती म्हणायला नाही. वहिनीची बारा वर्षं १९२८ च्या दसऱ्याला भरत होती. तिचा भाऊ महादू देऊळघाटहून येऊन तुझ्याशी बोलून गेला होता. मोताळ्याचा एक बिजवर होता, भाजीच्या मळ्यावर राबणारा, कमी बोलणारा माणूस. वहिनीला विचारलं तर ती चुलीकडे तोंड करून "हाव" एवढंच म्हणाली. त्या बारा वर्षांत तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. तो एक हाव आठवतो.

दसरा होऊन गेला. पुतळ्यासाठी पळसाचे डहाळे आणून अंगणात टाकले होते. त्याच दिवशी बीबी गावचा एक माणूस दोन मुक्काम करत गाडीनं आला. त्याचा मेव्हणा किसनभाऊबरोबर खेचरांवर होता. लढाई संपल्यावरही तो मेव्हणा फौजेतच राहिला, आदल्या वर्षी घरी आला आणि त्या पावसाळ्यात वारला. त्याच्या ट्रंकेच्या तळाशी हे फोटोचं कार्ड निघालं. मागे किसनभाऊच्या वाकड्या अक्षरात आपलं गाव आणि तुझं नाव होतं, म्हणून तो बिचारा ते पोचवायला आला. कार्ड त्याच्या मेव्हण्याला कधी मिळालं, हे त्याला सांगता येईना.

तिकीट नव्हतं, टपालाचा छापा नव्हता. मागे जांभळ्या शाईचा अर्धवट उठलेला गोल शिक्का होता, त्यात इंग्रजीत बसरा एवढंच लागत होतं. पेन्सिलीनं पाच आकडी नंबर, तो बहुधा पलटणीतला. आणि पुढच्या बाजूला, किसनभाऊच्या बुटांजवळ, काचेवर ओरखडून काढल्यासारखे चार पांढरे उर्दू आकडे आणि त्यांच्या शेवटी एक बारीक वेटोळं.

उर्दू आकडे गावात एकट्या तुलाच येत होते. आजोबांनी तुला मोगलाईच्या वेळचे कागद वाचायला शिकवलं होतं. बांधाचं भांडण निघालं की लोक जुनी सनद घेऊन तुझ्याकडे यायचे. त्या कागदांवर साल फसली असायचं, शेतसाऱ्याचं साल. तू आकडे वाचायचास, त्यात पाचशे नव्वद मिळवायचास आणि इंग्रजी साल सांगायचास. वीस वर्षं तू हेच करत आलास. त्या दिवशीही तेच केलंस.

"तेराशे पस्तीस," तू म्हणालास. "त्यात पाचशे नव्वद. एकोणीसशे पंचवीस! नाम्या, थो जिता हाये बे! तीन वर्सांपयले फोटो काढून राह्यला व्हता थो!"

तू मला उचललंस, दादा. मी सव्वीस वर्षांचा बाप्या, आणि तू मला लहान पोरासारखं उचलून गोल फिरवलंस. तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गूळ वाटलास. पळसाचे डहाळे उचलून म्हशींपुढे टाकलेस. तुला किसन जिवंत हवा होता, हे मला कळतं. मलाही हवा होता. त्या दिवसाबद्दल मी तुझ्यावर रागावलेलो नाही.

पण मी तेव्हाच बोललो होतो. "दादा, फोटोत भाऊ एकविसाचाच दिसते. पंचवीस साली थो तिसाचा असन नं?"

"फौजेत खायाले भेटते बे. तुह्यासारखं पोट सुटत नाही तिथं."

सगळे हसले. मीही हसलो. माझं चुकलं ते तिथून.

चार दिवसांनी पंच बसले. तू कार्ड वर धरून सांगितलंस, की किसन सन पंचवीस-सव्वीसमध्ये हयात होता, तेव्हा बारा वर्षं तिथून मोजायची. म्हणजे १९३८. कोणी शंका घेतली नाही. तू वाचलंस म्हणजे वाचलंस. महादू अंगणाच्या कडेला उकिडवा बसला होता. तो म्हणाला, "दादा, थो मानूस वरीसभर थांबतो म्हन्ते. दहा वर्सं कोन थांबन?"

"नवरा जिता असून पाट लावू? तुह्याच बहिनीले पाप लावू?"

महादू जेवला नाही. गाडी जुंपून निघून गेला. मोताळ्याच्या माणसानं बोलल्याप्रमाणे पुरतं वर्ष वाट पाहिली आणि मग दुसरीकडे संबंध केला.

तू वाईट माणूस होतास असं मी म्हणत नाही. म्हणता आलं असतं तर राग सोपा झाला असता. मला बेरीज तू शिकवलीस. जमिनीवर सरकीचे ढीग करून, दहा-दहाचे. "वरून केली तशी खालून करून पाह्य, मंगच तोंड उघड," असं म्हणायचास. शाळेसाठी मला बुलढाण्याला ठेवायचं ठरलं तेव्हा आई नाही म्हणत होती, तू तिच्याशी दोन दिवस भांडलास. देवीच्या साथीत मी पडलो तेव्हा एकवीस दिवस तू माझ्या खाटेजवळून हलला नाहीस आणि माझे हात धरून ठेवायचास, मी खाजवू नये म्हणून. आज जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या तोलून मी वजनं लिहितो आणि माझ्या आकड्याला कोणी आव्हान देत नाही, ते तुझ्यामुळे. तूच शिकवलेली खालून करायची बेरीज तू त्या एका सालाची केली नाहीस.

ती मी केली. मला सहा वर्षं लागली, हा माझा दोष. आकड्यांच्या शेवटचं ते वेटोळं मला सुटत नव्हतं. तू म्हणायचास, फोटोवाल्यानं लेखणी झटकली असेल. तू जत्रेला गेला होतास तेव्हा मी कार्ड पेटीतून काढून वहीत प्रत्येक खूण होती तशी उतरवून घेतली होती. १९३४ च्या उन्हाळ्यात महादूच्या घरी लग्न होतं म्हणून देऊळघाटला गेलो, तेव्हा ती वही तिथल्या उर्दू शाळेच्या मास्तरांपुढे ठेवली.

म्हातारे मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "फसली? फसली तो यहाँ का हिसाब है भाई, लगान का. बसरे के फोटोवाले को फसली से क्या लेना? ये हिजरी सन है. और ये आखिर में जो बना है, वो हिजरी की ही निशानी है."

मी तिथंच बसून मोजलं. मोहरमला त्यांचं साल बदलतं आणि तो दरवर्षी अकरा-एक दिवस अलीकडे येतो, म्हणजे त्यांची अठरा वर्षं आपल्या साडेसतराच्या आतबाहेर बसतात. त्या वर्षीचा मोहरम नुकताच होऊन गेला होता आणि सन होता तेराशे त्रेपन्न. अठरा मोहरम मागे गेलो. तेराशे पस्तीस सुरू झालं १९१६ च्या दिवाळीत आणि संपलं १९१७ च्या दिवाळीच्या आधी. वरून मोजलं, खालून मोजलं. दसरा करून घरून निघालेल्या किसनभाऊचा तो फोटो पहिल्याच वर्षातला होता. म्हणून तो एकविसाचा दिसत होता.

याचा अर्थ किसनभाऊ तेव्हाच मेला असा होत नाही. मी तसं कधी म्हटलं नाही. पण तो हयात असल्याची शेवटची खूण १९१७ ची ठरत होती, आणि तिथून बारा वर्षं म्हणजे १९२९. दादा, कार्ड आलं त्या दिवसापासून एक वर्ष! मोताळ्याचा माणूस जेवढं थांबायला तयार होता, अगदी तेवढंच.

मी लग्नाचं जेवण न घेता घरी आलो आणि वही तुझ्यापुढे ठेवली. तू ती दोनदा वाचलीस. तुला पटलं हे मला तुझ्या चेहऱ्यावरून कळलं. तुझा चेहरा मला लहानपणापासून वाचता येतो.

"कोनाले सांगतलं?"

"कोनालेच नाही. पयले तुलेच."

"मंग इथंच राहू दे."

"काऊन? चार वर्सं बाकी हायेत दादा. आजच पंचाले सांगू. चूक झाली म्हनू. कोनाची होत नाही?"

"चूक झाली म्हनू? आन उद्या सारे लोकं सनदा घेऊन दारात येतीन. म्हन्तीन, याले साल वाचता येत नाही, आमचा बांध पुन्ना मोजा. पंचवीस वर्सांचे निवाडे उकरतीन. मले शिकवू नको बे मुन्शी."

"आन वहिनी?"

तू खाली पाहिलंस. मग म्हणालास, "मोताळ्याच्यानं दुसरी केली. आता पस्तिशीच्या बाईले कोन नेते? सांगून तिचा जीवच जाळनं हाये."

हा वाद आपला इथंच राहिला. तू माझ्या धाकट्याला हाक मारलीस, माझा हात धरून त्याच्या डोक्यावर ठेवलास आणि लेकराची आण घालून मला गप्प केलंस. त्या उत्तराचं उत्तर मी सात वर्षं मनात घोळवत होतो, ते आता देतो. पस्तिशीच्या बाईला कोणी नेलं असतं की नसतं, हे तू ठरवायचं नव्हतंस. तिला सांगायचं होतंस आणि मग तिनं ठरवायचं होतं. कोणीच नेलं नसतं तरी चार वर्षं ती एका जिवंत नवऱ्याच्या नावानं वटसावित्रीचे उपास करत बसली नसती. ज्या बांधांची तुला काळजी होती ते बांध फसलीतलेच होते, ते तू बरोबरच वाचले होतेस. एकही निवाडा फिरला नसता. तुला एवढं कळत नव्हतं? कळत होतं. तुला हसलेलं चालणार नव्हतं, एवढंच.

१९३८ उजाडलं. तू पंचांना बोलावलंस, भटजी बोलावलास. पुतळ्याला पळसाचे तीनशे साठ देठ लागतात. डोक्याला किती, छातीला किती, पायाला किती, सगळं ठरलेलं. ते मोजायला तू मला बसवलंस. "नाम्याचं गनित पक्कं हाये," असं सगळ्यांदेखत म्हणालास. मी मान खाली घालून तीनशे साठ देठ मोजले. अग्नी दिला तेव्हा ते तडतडले. वहिनी एकोणचाळीस वर्षांची होती. बायांनी तिच्या बांगड्या फोडल्या. तिनं हात पुढे केले आणि मागे घेतले, डोळ्यांतून पाणी काढलं नाही. बाया म्हणाल्या, बाई धीराची आहे. मी देठ मोजलेले हात धोतराला पुसत उभा होतो. दादा, त्या दिवशी तरी तू माझ्याकडे पाहायला नको होतंस. तू पाहिलंस, आणि सगळं नीट पार पडलं अशी मान हलवलीस.

या शेवटच्या दुखण्यात तू पाच दिवस पडून होतास. शुद्ध चांगली होती. वहिनीच तुझं अंग पुसत होती, पेज भरवत होती. मला रोज वाटायचं, आज सांगेल. तिसऱ्या दिवशी तू तिला पाणी तापवायला पाठवलंस आणि मला जवळ बोलावलंस. मी वाकलो. वाटलं, आता सोडवतोस मला. तू म्हणालास, "आन हाये बरं, ध्यानात ठेव." मी तुझा हात सोडला आणि बाहेर येऊन बसलो. तुझ्या शेवटच्या दोन दिवसांत मी तुझ्याशी नीट बोललो नाही ते यामुळे. त्याचं मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटावं लागतं याचाही राग येतो.

आण मी मोडली. तू गेल्यावर आठव्या दिवशी, दुपारी, घरात कोणी नसताना. ज्याच्या डोक्यावर हात ठेवला होता तो पोरगा खळ्यात धडधाकट काम करत होता. वहिनी तूर निवडत होती. मी फोटो आणि वही घेऊन पुढे बसलो आणि सगळं सांगितलं, आकड्यांसकट. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. सूप हातात तसंच राहिलं.

मग तिनं विचारलं, "तुमाले कवापासून ठाव हाये, भाऊजी?"

"सात वर्सं."

"म्हंजे पुतळ्याच्या वक्ती ठाव व्हतं."

"हाव."

"देठं तुमीनंच मोजले व्हते नं?"

"हाव."

मी सांगितलं, की दादानं आण घातली होती. ती म्हणाली, "भासऱ्याईनं आन घातली, तुमीनं पाळली. दोघा भावाईचं चांगलं जमलं." मी वहिनी म्हणून हाक मारली. तिनं सूप खाली ठेवलं. "मले एकटीले काऊन सांगता? थे साल त्याईनं चार लोकाईत सांगतलं. तुमी बी चार लोकाईतच सांगा. मी इथं तूर निवडताना नाही ऐकनार."

म्हणून तेराव्याला मी उभा राहिलो. पंगत बसली होती, पानं वाढून झाली होती. १९२८ च्या पंचांपैकी तिघं हयात आहेत, तिघंही होते. महादू होता, आता त्याचे केस पार पिकलेत. मी तुझं नाव घेऊन सुरुवात केली. लोकांना वाटलं, धाकटा भाऊ दोन शब्द चांगले बोलतो आहे. मी फोटोवरचं साल सांगितलं, तू काय वाचलंस ते सांगितलं, खरं काय आहे ते सांगितलं, आणि तुला व मला ते १९३४ पासून ठाऊक होतं हेही सांगितलं. नऊ वर्षं, मी म्हणालो. १९२९ ते १९३८. त्यातली पहिली पाच चुकीची आणि पुढची चार लपवल्याची. पहिल्यांची माफी मागता येते. दुसऱ्यांची कशी मागायची मला कळत नाही, म्हणून मी फक्त सांगतो आहे.

कोणी घास उचलला नाही. महादू पानाकडे पाहत म्हणाला, "गनित बरोबर हाये, पाहुणे. म्या बी वरीसभरच म्हनलं व्हतं." एवढंच.

मग आपले आबा पाटील, पंचांतले सगळ्यांत वडील, हात वर करून म्हणाले, "जाऊ द्या आता. मानूस गेला. झालं गेलं गंगेले मिळालं. जेवा."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात होती. पंचांपुढे ती जन्मात कधी आली नव्हती. ती डोक्यावरचा पदर सारखा करून अंगणात आली, वरणाची बादली हातात तशीच होती. म्हणाली, "तुमचं गंगेले मिळालं असन, आबा. माहं घरातच हाये."

आबांनी मान खाली घातली. वहिनी पंगतीच्या पहिल्या पानापासून वाढत निघाली. कोणी नको म्हणालं नाही, कोणी पुरे म्हणालं नाही. माझ्या पानाशी आली तेव्हा तिनं मलाही वाढलं. वर पाहिलं नाही. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि ते तिनं कधीपर्यंत करावं हे सांगायचा मला अधिकार नाही.

तू गेल्याचं दुःख मला आहे, दादा. संध्याकाळी ओट्यावर तुझी जागा रिकामी दिसते आणि मी आत निघून जातो. पण ती बाई पंचांपुढे पहिल्यांदा बोलली तेव्हा तू तिथं बसलेला असायला हवा होतास. माझ्या शेजारी, मान खाली घालून. तेरा दिवस आधी निघून गेलास, आणि ते ऐकायला मला एकट्याला ठेवलंस.